गाडीखान्याची चौकट



गेल्या आषाढात आमची औषधांची गाडी पाड्यावर जायला दीड तास उशिरा निघाली. रस्ता खुला होता, डिझेलही होते. गाडीखान्याचा दरवाजाच उघडेना. एक झाप खाली बसून फरशीत रुतला होता. तिकडे एक लेकरू तापाने फणफणले होते. मूल आता बरे आहे, पण त्या दीड तासाची रुखरुख राहिली. म्हणून दुरुस्ती करताना जे शिकलो ते आपल्यापर्यंत पोहोचवतो.

आमची शेड पालीत, उत्तनच्या किनाऱ्याजवळ. आम्ही सगळा दोष खाऱ्या वाऱ्याला देत होतो. होड्यांचे काम केलेल्या सुतारांनी समजावले, "भाऊ, खारे लोखंड खाते. लाकूड कुजवते ते पावसाचे गोडे पाणी." ते खरेच होते. बिजागऱ्यांचे स्क्रू गंजून सैल झाले होते, आणि चौकटीचा पाय सिमेंटात पुरलेला असल्याने तिथे पाणी मुरून बुरशी धरली होती.

आधी तपासणी. चौकटीच्या तळाला पेचकस टोचा. सहज आत गेला तर लाकूड कुजले, वरचा रंग कितीही शाबूत दिसो. मग झाप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरप्या बाजूंनी दोरीने मोजा. मापे सारखी नसतील तर झाप वाकडा झाला आहे. सारखी असतील तर दोष बिजागरीत किंवा चौकटीत. चौकटीला ओळंबा लावला की तेही कळते.

आता काम. झाप उतरवा आणि वरच्या तुळईला जॅकवर भक्कम टेकू द्या. टेकू दिल्याशिवाय खांबाला करवत लावू नका. कुजका भाग आणि त्याच्या वरचे वीतभर चांगले लाकूडही कापून टाका. नवा सागाचा तुकडा जुन्या खांबाला अर्धा-अर्धा कापून जोडा. खांब 4 इंच जाड असेल तर सांधा निदान 12 इंच लांब हवा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

नवा पाय पुन्हा पुरू नका. तो जमिनीपासून दोन इंच उंच काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवा. खालच्या कापलेल्या टोकाला प्रायमरचे दोन हात द्या, कारण लाकूड सर्वात जास्त पाणी तिथूनच पिते. फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा.

झापावर तिरपी पट्टी मारताना ती खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून वर कडीच्या कोपऱ्याकडे न्या. मग झापाचे वजन पट्टीतून बिजागरीवर उतरते. आमची पट्टी उलटी होती. ती असून नसल्यासारखी होती.

हे काम पाड्यावरून आलेल्या चार मुलांनी सुतारांच्या हाताखाली केले. त्यातला एक म्हणाला, "आमच्या कुडाच्या घराची मेढही इथेच कुजते, मातीला लागते तिथे." सुट्टीत घरी जाऊन त्याने ती मेढ दगडावर घेतली.

पावसाळ्याआधी आपणही एक पेचकस घेऊन घराभोवती फिरून या.