चार मतं, एक नळ

अ गटासाठी पांढरी मतपत्रिका, ब साठी फिकट गुलाबी, क साठी पिवळी, ड साठी निळी. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात मतदान करताना चारही रंगांवर बटण दाबायचं होतं, तेव्हा कुठे यंत्राचा ‘बीप’ वाजणार. एकच बटण दाबून बाहेर निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना कर्मचारी थांबवत होते, ‘काका, अजून तीन राहिली!’

काकांची काय चूक? नियम एक जागी टिकतोच कुठे? मुंबई सोडली, तर महापालिकांमध्ये २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. महाविकास आघाडीने आधी एकसदस्यीय पद्धत आणली, मग २०२१ मध्ये स्वतःच तीनवर गेली. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि पुन्हा चार. सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांतून, याचंही तेच: २०१७ मध्ये थेट, २०२० मध्ये रद्द, २०२२ मध्ये परत थेट. सत्तेवर कोण आहे ते पाहून नियम ओळखावा, अशी ही अवस्था.

प्रभाग मोठा झाला की चिन्हाचं वजन वाढतं. पुण्यात १६५ जागांसाठी ४१ प्रभाग होते. २०११ च्या जनगणनेनुसार धरलं तरी एका प्रभागात सरासरी ८० हजारांहून जास्त माणसं. गल्लीत पंधरा वर्षं राबलेला अपक्ष एवढ्या घरांपर्यंत पोचणार कसा? पक्षाचं पॅनेल मात्र एकाच पत्रकावर चार फोटो छापून पोचतं. महिलांना निम्म्या जागा राखीव असल्याने चौघांत किमान दोन बाया येतात, म्हणजे आरक्षण फिरलं म्हणून अख्खा प्रभाग कुणाच्या हातून जात नाही. या पद्धतीची ही बाजू खरी आहे.

पण नळाला पाणी आलं नाही, तर दार कुणाचं वाजवायचं? पहिला दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा म्हणतो, ‘तो भाग माझ्याकडे नाही.’ जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या राज्यात काढलेल्या शहरांना आता नगरसेवक मिळाले, आणि नेमका आपला कोणता, हे विचारत फिरायची पाळी आली.

मुंबईत प्रभागाला एकच नगरसेवक, तरी तिथेही सत्ताधाऱ्यांचा हात आवरला नाही. २२७ प्रभागांचे २३६ केले, सरकार बदलल्यावर पुन्हा २२७. त्या २३६ प्रभागांच्या नकाशावर एकदाही मतदान झालं नाही.