कमरभर पाण्यातली चारचाकी

लँड रोव्हर डिफेंडर ही गाडी चाकं बुडतील इतक्या, म्हणजे 900 मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असं कंपनी सांगते. त्यासाठी एअर सस्पेन्शन हवं. त्यात स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या असतात. कॉम्प्रेसरने त्यांत हवा भरली की गाडी नेहमीपेक्षा 75 मिलिमीटर वर उठते. गाडीतला पाण्यातून जाण्याचा पर्याय निवडला, की अ‍ॅक्सिलरेटर मुद्दाम मंद होतो, बाहेरची हवा केबिनमध्ये घेणं थांबतं आणि आरशांखालचे अल्ट्रासोनिक सेन्सर पाण्याची खोली मोजून पडद्यावर दाखवतात. काठावर आल्यावर ब्रेक हलकेच घासून डिस्क वाळवल्या जातात. मला तर हीच युक्ती सगळ्यात आवडते. वाहत्या पाण्याला मात्र खोलीचे हे आकडे लागू नाहीत. पावसाळ्यात पुलावरून पाणी जात असेल, तर कितीही महागडी गाडी असो, थांबायचंच.

कुटुंब मोठं असेल तर डिफेंडरच्या लांबलचक 130 या मॉडेलमध्ये आठ जण बसतात.

किंमत? भारतात साधारण कोटीच्या घरात सुरुवात. कंपनीची मालकी 2008 पासून टाटांची, पण डिफेंडर तयार होते स्लोव्हाकियातल्या नित्रा शहरात आणि येते अख्खी, म्हणून आयात शुल्काचा बोजा मोठा. तिच्याच घराण्यातल्या रेंज रोव्हरची जुळणी 2024 मध्ये पुण्यात सुरू झाली, तेव्हा तिची किंमत लाखांनी उतरली.