कातळावरची शैवाले : बिंदुसरेचा तपकिरी थर

पदीना या तपकिरी शैवालाच्या पंख्यावरील पांढऱ्या वलयांचे विवेचन या लेखांकात व्हावयाचे होते. परंतु बीडच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न तपकिरी शैवालांच्या ओळखीच्या मुळाशीच जाणारा असल्यामुळे ते एक आठवडा पुढे ढकलणे इष्ट ठरते. पावसाळा ओसरल्यावर बिंदुसरेच्या पात्रातील दगडांवर जो निसरडा तपकिरी थर चढतो, तो कोकणच्या कातळावरील तपकिरी शैवालांपैकीच आहे काय, अशी ही पृच्छा आहे. शंका रास्त आहे, कारण बालाघाटच्या डोंगरातून उतरणारी ही नदी ज्या काळ्या बेसाल्टवरून वाहते, त्याच दख्खनच्या लाव्हाप्रस्तराची पश्चिम कड हरिहरेश्वरला लाटा झेलत उभी आहे.

दगड एका कुळीचा असला तरी थर वेगळा आहे. तपकिरी शैवालांच्या सुमारे २००० ज्ञात जाती असून त्यांतील गोड्या पाण्यात राहणाऱ्या जाती अगदी मोजक्या आहेत. नदीतील असा थर बहुधा डायाटमांचा असतो. डायाटम म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे एकपेशीय शैवाल. त्याच्या पेशीभोवती सिलिकेची दोन कवचे डबी आणि झाकण यांप्रमाणे एकमेकांत बसलेली असतात. या दोन्ही गटांत हरितद्रव्याच्या जोडीला फ्युकोझँथिन नावाचे रंगद्रव्य विपुल असते आणि तेच हिरव्या रंगाला झाकून टाकते, म्हणून बीडचा दगड आणि मालवणचा कातळ वरकरणी एकाच रंगाने माखलेले दिसतात.

हे झाकणे किती वरवरचे आहे, ते घरच्या घरी पाहता येते. सरगॅसम या तपकिरी शैवालाची ताजी फांदी उकळत्या पाण्यात बुडवली की थोड्याच वेळात ती हिरवीगार होते. उष्णतेने फ्युकोझँथिन आणि प्रथिन यांची जोडणी तुटते आणि हरितद्रव्याचा रंग उघडा पडतो. मात्र या प्रयोगावरून ‘हे तपकिरी शैवाल आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण अनेक लाल शैवालेही गरम पाण्यात हिरवी पडतात, आणि उथळ डबक्यांत कडक उन्हात वाढलेली लाल शैवाले तर मुळातच पिवळसर तपकिरी दिसतात. नवख्या अभ्यासकाची सर्वांत मोठी फसगत येथेच होते. अशा वेळी तुकडा चुरडून रात्रभर गोड्या पाण्यात ठेवावा. लाल शैवालातील फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य पाण्यात विरघळणारे असल्याने पाण्याला गुलाबी छटा येते. फ्युकोझँथिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तपकिरी शैवालाकडून तशी छटा मिळत नाही.

खरी ओळख रचनेवरून पटते. सरगॅसम तळाशी चकतीसारख्या भागाने कातळाला घट्ट चिकटलेले असते. त्यावर अक्ष, अक्षावर पानांसारखे दातेरी भाग आणि त्या भागांच्या मधोमध शीर असते. बगलेत, स्वतंत्र आखूड देठांवर, काही मिलिमीटर व्यासाचे गोल वायुकोश असतात. कोश बोटांत दाबला की फट् असा आवाज होऊन फुटतो, आणि हेच कोश भरतीच्या वेळी संपूर्ण झुडूप उजेडाकडे उभे धरतात. डिक्टिओटा या दुसऱ्या तपकिरी शैवालात असे अक्ष, पाने किंवा वायुकोश नसतात: चपटी पट्टी टोकाशी दुभंगते, प्रत्येक भाग पुन्हा दुभंगतो, आणि शीर कोठेही नसते.

पृच्छेचा दुसरा भाग कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या समुद्री शैवाल अर्काविषयी आहे, ज्याची फवारणी कापसावर केली जाते. खत नियंत्रण आदेशात २०२१ मध्ये जैव-उत्तेजकांचा समावेश झाला आणि हे अर्क त्याच्या कक्षेत आले. अर्क गडद तपकिरी आहे एवढ्यावरून तो तपकिरी शैवालाचा ठरत नाही, कारण द्रावाचा रंग प्रक्रियेवरही अवलंबून असतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लागवड होणारे कप्पाफायकस हे लाल शैवाल आहे, आणि त्याचा ताजा रस काढण्याची पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने विकसित केली आहे. तेव्हा बाटलीवरील शास्त्रीय नाव वाचावे. नावाऐवजी नुसते चित्र असल्यास वायुकोशांकडे पाहावे: ते चामड्यासारख्या चिवट पट्टीतच अंडाकृती फुगलेले आणि एकामागून एक असतील, तर ते अ‍ॅस्कोफायलम, म्हणजे नॉर्वे, आयर्लंड, कॅनडा अशा उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवरचे शैवाल होय. ते भारतात वाढत नाही. कोश सुटे व देठावर असतील, तर ते सरगॅसम असण्याचा संभव अधिक, आणि ते ऑक्टोबरनंतर मालवणला ओहोटीच्या वेळी हातात घेऊन पाहता येते. पदीनाची वलये पुढील लेखांकात.