पूल पडायची वाट कशाला?

अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी रेल्वे रुळांवर कोसळला आणि नोव्हेंबर २०२२मध्ये अख्खा पूल वाहतुकीला बंद करावा लागला. पूल एका दिवसात खचत नाही. पावसाचं पाणी वाहून नेणारा पाइप तुंबतो, सांध्यातून पाणी झिरपतं, सळई गंजून फुगते, काँक्रीटचे पोपडे सुटतात. पाइप साफ करणं स्वस्त असतं. सळई उघडी पडली की खर्च अनेक पटींनी वाढतो. म्हणून शहराने प्रत्येक पूल, जलवाहिनी आणि पर्जन्यवाहिनीचं वय, अवस्था, उरलेलं आयुष्य व पुढच्या वीस-तीस वर्षांचा खर्च एका नोंदवहीत मांडायला हवा.

तपासण्या होतातच की, असं कुणी म्हणेल. पण सीएसएमटीजवळचा हिमालय पूल तपासणीत वापरायोग्य ठरला होता आणि १४ मार्च २०१९ रोजी पडला. एकदा मारलेला शेरा पुरत नाही. दरवर्षीच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात. पैशांची चणचण खरी आहे, पण त्यामुळेच प्राधान्यक्रम हवा: जे निकामी झाल्यास जीव जातील, त्याची दुरुस्ती आधी. नवं काम मंजूर करतानाच त्याच्या देखभालीचीही तरतूद झाली पाहिजे.