तीन इंचांची सोयरीक

तोंगहाय (युन्नान, चीन) : कुनमिंगच्या दक्षिणेला तोंगहाय परगण्यात लिउयी नावाचं खेडं आहे. 1980 च्या दशकात पाय बांधलेल्या तीनशेच्या आसपास बायका या एका गावात हयात होत्या. त्यांनी चक्क नाचाचं पथक काढलं होतं आणि ते पाहायला लांबलांबून लोक यायचे. ती पिढी आता जवळपास संपली. तिची पादत्राणं मात्र चीनमधल्या संग्रहालयांत काचेआड मांडलेली आहेत. रेशमी, टोकदार, वर नाजूक भरतकाम. आदर्श माप तीन चिनी इंच, म्हणजे जेमतेम 10 सेंटिमीटर. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत वर्षाच्या पोराला नेलं तरी माप याहून मोठं निघेल.

पाय बांधण्याच्या प्रथेची सुरुवात दहाव्या शतकातल्या ली यू या राजाच्या दरबारातल्या एका नर्तकीपासून झाली, अशी आख्यायिका चिनी लोक सांगतात. आख्यायिकेपेक्षा थडगं बरं. फूचौ शहरात 1975 मध्ये हुआंग शंग या तरुण विवाहितेचं थडगं उघडलं. ती 1243 साली वारली होती, वय अवघं सतरा. तिच्या पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या आणि सोबतचे जोडे 13-14 सेंटिमीटरचे होते. त्याच शतकात छ रुओश्वेइ नावाच्या विद्वानाने लिहून ठेवलं की चारपाच वर्षांच्या निरपराध पोरींना हा छळ कशासाठी, ते कळत नाही. म्हणजे ‘त्या काळी कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं’ ही नेहमीची सबब इथे चालत नाही. वाटत होतं, पण पुढची सहाशे वर्षं कुणी ऐकलं नाही.

करायचं ते असं. मुलगी पाचसहा वर्षांची झाली की बहुधा थंडीत मुहूर्त धरायचा, कारण गारठ्याने पाय बधिर असतात. कोमट पाण्यात पाय भिजवायचे, नखं खोलवर कापायची. अंगठा मोकळा ठेवून उरलेली चार बोटं तळव्याखाली दुमडायची आणि तीनेक मीटर लांबीच्या सुती पट्टीने करकचून आवळायची. मग टाच आणि चवडा एकमेकांकडे खेचत न्यायचे, इतके की पायाची कमान मोडून मधे खोल चीर पडते. पट्टी दर थोड्या दिवसांनी सोडायची, पाय धुवायचे आणि आधीपेक्षा घट्ट बांधायचे. हे दोनतीन वर्षं चालायचं आणि नंतरही पट्टी जन्मभर सुटायची नाही. दुमडलेल्या बोटांत नखं रुतून जखमा चिघळत, रक्तपुरवठा तुटून बोट कुजत असे, कधी गळूनच पडे. जंतुसंसर्गाने काही मुली दगावतही.

आणि हे सगळं करायची कोण? आई, नाहीतर आजी.

वाचलेल्यांचं पुढे काय झालं, याचं मोजमाप बरंच उशिरा झालं. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीजिंगमधल्या 193 वृद्धांची तपासणी केली होती. ऐंशी किंवा त्याहून अधिक वयाच्या बायकांपैकी 38 टक्के आणि सत्तरीतल्यांपैकी 18 टक्के जणींचे पाय बांधल्यामुळे विकृत झालेले होते. ऐंशीपुढच्या गटात बांधल्या पायांच्या 38 टक्के बायका वर्षभरात कधी ना कधी पडल्या होत्या, तर साध्या पायांच्या 19 टक्के. उकिडवं बसणं त्यांना जड जायचं, आधाराशिवाय खुर्चीतून उठणंही. जिथे संडास, चूल, भाजी निवडणं सगळं उकिडवं बसूनच, तिथे याचा अर्थ वाचकांनी घरातल्या आज्यांना विचारावा.

श्रीमंतांच्या ऐषारामी बायकांची ही चैन होती, असा समज आपल्याकडेही आहे. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या मानववंशशास्त्रज्ञांनी खेड्यापाड्यांतल्या शेकडो म्हाताऱ्यांशी बोलून त्याला जोरदार धक्का दिला. त्यांचं म्हणणं असं की जिथे घरोघरी सूत कातणं आणि विणकाम चाले, तिथे पाय बांधण्याचं प्रमाण जास्त होतं. उनाड पोर एका जागी बसून हात चालवू लागली की घरात पैसा येतो. गिरणीचं स्वस्त सूत आलं, घरचा चरखा थंडावला, तशी प्रथाही ढिली पडत गेली. लिउयी स्वतः कापडाच्या धंद्यावर सुखवस्तू झालेलं गाव, हे इथे लक्षात घ्यायला हवं. तरी एवढ्याने सगळं उलगडत नाही. मुलीला चांगलं स्थळ मिळावं हा आईचा हिशोब होताच, आणि मध्यस्थ बाई आधी चौकशी करायची ती पायांची.

कायदे पुष्कळ झाले. राज्यकर्त्या मांचू घराण्याच्या स्वतःच्या बायका पाय बांधत नसत. सम्राट कांगशीने 1664 मध्ये बंदी घातली आणि चार वर्षांत ती मागे घ्यावी लागली. 1902 मध्ये राजमाता त्सशीने फर्मान काढलं, 1912 मध्ये नव्या प्रजासत्ताकाने मनाई केली. कोल्हापूरकरांना या गोष्टीत अपरिचित असं काही नाही. शाहू महाराजांनी 1920 मध्ये जोगतिणी-मुरळ्या सोडण्याविरुद्ध कायदा केला, तरी 2005 मध्ये महाराष्ट्राला देवदासी निर्मूलनासाठी पुन्हा कायदा करावा लागलाच.

चीनमध्ये खरा घाव बसला तो शपथेने. 1870 च्या दशकात शामेन बंदरात आणि 1895 पासून शांघायमध्ये ‘नैसर्गिक पाया’च्या संस्था निघाल्या. कांग योवेइसारख्या सुधारकांनीही तीच वाट चालवली. सभासदाने दोन वचनं द्यायची : मुलीचे पाय बांधणार नाही, आणि मुलाला बांधल्या पायांची सून आणणार नाही. यातलं दुसरं वचन फार हुशारीचं. नुसतं पहिलं पाळणाऱ्याची पोर बिनलग्नाची राहण्याची धास्ती. दुसऱ्यामुळे तिच्यासाठी वर आधीच तयार. हुंड्याविरुद्ध भाषणं ठोकणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी या दुसऱ्या वचनाकडे जरा नीट पाहावं.

शान्सी प्रांतात सुभेदार येन शीशानने 1917 नंतर घरोघर तपासनीस धाडले, दंड बसवले. युन्नानच्या डोंगराआड वारं उशिरा पोचलं. लिउयीत तपासनीस आले की आया पोरींच्या बांधल्या पायांवर मोठे जोडे चढवत आणि सरकारला बनवत.

पण ज्या सोयरिकीसाठी हा खटाटोप, तिचा भाव लवकरच कोसळला. 1949 नंतर राज्य बदललं, जमिनी वाटल्या गेल्या, सुखवस्तू घरं रिकामी झाली. ज्या पायांमुळे बरं घर मिळालं, त्याच पायांवर या बायकांना शेतात राबावं लागलं, दुष्काळात डोंगर चढून पाला गोळा करावा लागला. सामूहिक शेतीत मोबदल्यासाठी मोजले जाणारे कामाचे गुण मात्र धडधाकट पायांच्या हिशोबाने मिळत. त्यांच्या मापाचे जोडे शिवणारा हार्बिनचा कारखाना 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालू होता. मग गिऱ्हाईकच उरलं नाही.