चाळीस फुटांची पासोडी मांडायची कशी?

अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (जन्म १५५१) यांनी ‘पंचीकरण’ लिहिलं ते पासोडीवर, म्हणजे पांघरायच्या जाड सुती कापडावर. लांबी सुमारे ४० फूट, रुंदी ४ फूट. पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो हा वेदान्तातला किचकट भाग समजावायला त्यांनी ओव्यांच्या जोडीला आकृत्याही काढल्या. पासोडी आजही अंबाजोगाईत जपलेली आहे. समजा, उद्या ती संग्रहालयात मांडायची ठरली, तर?

पहिला प्रश्न जागेचा. काचपेटीत गुंडाळी ठेवून दोन हात कापड उघडं ठेवलं, तर बघणाऱ्याला संतांची जुनी वस्तू दिसते. तो हात जोडतो आणि पुढे सरकतो. तीच सलग उलगडली, तर चालत चालत वाचावं लागतं, आणि हा शिकवण्यासाठी केलेला भलामोठा तक्ता आहे हे आपोआप उमगतं. माझा कौल उलगडण्याला. मात्र जुनं कापड टांगलं की स्वतःच्याच वजनानं ताणतं, म्हणून ते उतरत्या फळीवर निजवायला हवं. उजेड ५० लक्सच्या आत हवा, नाहीतर कापड आणि शाई दोन्ही झिजतात. एवढ्या मंद उजेडात बारीक अक्षर लागत नाही, म्हणून शेजारी मोठी छायाप्रत आली. मग लोक वाचतात छायाप्रत, आणि मूळ कापडाकडे जाता जाता नजर टाकतात. याला इलाज नाही!

शेजारही बोलतो. हिमरू-पैठणीच्या दालनात लोक पासोडीची वीण बघतील, पोथ्यांच्या दालनात ओव्या. पाटीवर नुसतं ‘कापडावरील जुने हस्तलिखित’ लिहिलं, तर आकृत्या नक्षी वाटतील.

मांडणीनं अर्थ बदलतो तो वीरगळाचाही, म्हणजे देवळापाशी दिसणाऱ्या, लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचा. पण तिथे सगळं उंचीवर अवलंबून असतं. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाशी लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. उंच ओट्यावर चढवला की नजर पूजेवर जाते आणि त्याचा देव होतो. सिमेंटमध्ये रोवताना तळाचा चौकोन बुजला, तर वीर कशापायी पडला, गाई सोडवताना की गावावरचा हल्ला परतवताना, हेच गाडलं जातं. देवळाचा जीर्णोद्धार काढलेल्या गावकऱ्यांनी एवढं जरूर करावं: वीरगळ हलवावा लागला, तर तळाचा चौकोन जमिनीच्या वर मोकळा ठेवावा.