गोड रक्त कुणाचं?

"हिचं रक्तच मुळी गोड! घरात एवढी माणसं, पण डास चावणार ते हिलाच!"

गेल्या श्रावणातली गोष्ट. ओळखीच्या एका घरी सासूबाई असं म्हणाल्या आणि सगळे हसले. सूनबाईही हसली, पण हातापायांवरच्या गांधी खाजवत. सहावा महिना लागलेला तिला. घराला लागूनच गोठा, त्यात दोन म्हशी आणि एक गाय. हिचं अंथरूण गोठ्याकडच्या भिंतीशी. घरात मच्छरदाणी एकच आणि ती मामंजींच्या पलंगाला बांधलेली!

मैत्रिणींनो, हे 'गोड रक्त' आपण लहानपणापासून ऐकतो. मीसुद्धा माझ्या लेकीला हेच म्हणत आले. पण त्या दिवशी घरी येताना मनात आलं, चावायच्या आधी डासाला रक्ताची चव कळणार तरी कशी? मी कला शाखेची, विज्ञानाशी संबंध शाळेपुरताच. तरी मिळेल ते वाचलं, आरोग्य केंद्रात जाऊन विचारलं आणि चकितच झाले.

पहिली गोष्ट म्हणजे चावते ती फक्त मादी. नर बिचारा फुलाझाडांच्या रसावर जगतो. मादीला रक्त लागतं ते अंड्यांसाठी. म्हणजे तिलाही तिच्या पिल्लांचीच काळजी! ती माणूस शोधते तो चवीवरून नाही, तर श्वास, वास आणि ऊब यांवरून. आपण श्वास सोडतो त्यातला कार्बन डायऑक्साइड तिला बऱ्याच अंतरावरून कळतो. जवळ आल्यावर अंगाचा वास आणि उष्णता. हा वास प्रत्येकाचा वेगळा. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्यांच्या त्वचेवर काही विशिष्ट आम्लं जास्त असतात त्यांच्याकडे डेंगीचे डास जास्त जातात. म्हणजे 'मलाच चावतात' ही तक्रार अगदीच खोटी नाही, पण त्यात गोडव्याचा काही संबंध नाही.

दुसरी गंमत म्हणजे प्रत्येक जातीच्या डासाची आवड वेगळी. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डास माणसालाच पसंत करतो. याचे पूर्वज आफ्रिकेच्या जंगलातले, जनावरांना चावणारे. केनियातल्या जंगलात राहणाऱ्या आणि घरांत राहणाऱ्या एडिस डासांवरचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. एकीकडे माणसाचा वास आणि दुसरीकडे गिनिपिगचा ठेवला, तर जंगलातले डास जनावराकडे वळत आणि घरातले माणसाकडे. आपण घरात पाणी साठवलं, त्याने आपल्या दारात संसार थाटला!

हिवतापाचं मात्र वेगळं. आपल्या देशात खेड्यापाड्यांत हिवताप पसरवण्यात ज्या अॅनोफिलिस डासाचा वाटा सर्वांत मोठा, त्याला गाईगुरं जास्त आवडतात. हे कळल्यावर कुणालाही वाटेल, मग काय, गोठा असला की बरंच! डास म्हशीला चावतील, आपण सुटलो! मलाही आधी तसंच वाटलं. पण पाकिस्तानात १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उलटंच आढळलं. ज्या घरी गुरं होती, तिथल्या मुलांत हिवताप जास्त होता. कारण सरळ आहे. गुरांमुळे डासांना पोटभर मिळतं, त्यांची संख्या वाढते आणि शेजारीच माणूस झोपलेला असला तर त्यातले काही त्याच्याकडेही येतात. गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर आपण करतोच. त्याने डास पांगतात, पण मरत नाहीत.

आता सांगते ती गोष्ट ऐकून माझ्या काळजात चर्र झालं. आफ्रिकेतल्या गांबिया देशात गरोदर आणि गरोदर नसलेल्या बायकांची तुलना केली गेली. २००० साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की गरोदर बाईकडे हिवतापाचे डास जवळपास दुप्पट येतात. तिचा श्वास जास्त चालतो, पोटाची ऊबही जास्त असते, म्हणून. आणि गरोदरपणी हिवताप झाला तर आईचं रक्त कमी होतं, गर्भपात होऊ शकतो, बाळ कमी वजनाचं जन्मतं. म्हणजे ज्या बाईला चावण्याचा धोका सर्वांत जास्त, तिलाच आपण गोठ्याच्या भिंतीशी मच्छरदाणीविना झोपवतो आणि वर हसतो!

डासाची आवड आपण बदलू शकत नाही. पण त्याच्या वाटेत कोण झोपणार, हे आपणच ठरवतो ना? मच्छरदाणी एकच असेल तर आधी ती गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला. एडिस दिवसाढवळ्या चावतो, म्हणून बाळ दुपारी झोपलं तरी मच्छरदाणी हवीच. अंथरूण गोठ्यापासून जमेल तेवढं लांब घाला. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. रांजण, पिंप, कूलर नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासायला हवेत. एडिसची अंडी कडेला चिकटून कित्येक महिने सुकी टिकतात. आणि ताप आला की अंगावर काढू नका. घरात उरलेली गोळी तर मुळीच घेऊ नका, लगेच आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम त्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. सासूबाई गप्पच झाल्या. पलंगावरून मामंजीच म्हणाले, "अगं, मग माझी सोडा आणि तिला बांधा की. माझ्या म्हाताऱ्याच्या रक्तात काय उरलंय आता!"

"तुम्हालाही दुसरी आणू हो," असं म्हणत सासूबाई उठल्या आणि स्वतः दोऱ्या सोडायला लागल्या.

तुमच्या घरात मच्छरदाणी कुणाच्या अंथरुणावर आहे? आज रात्री जरा बघा.